उलटा तास

माईक बंद पडला म्हणून ती त्या दिवशी लवकर घरी आली. नाहीतर आपले सासरे अजून हसू शकतात हे तिला कधी कळलंच नसतं. मुलीच्या शाळेच्या हॉलमध्ये पालक येऊन बसले होते, फळ्यावर 'परीक्षा आणि सवयी' असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं, तिने घसा साफ करून पहिलं वाक्य उच्चारलं आणि माईकने शेपटीवर पाय पडलेल्या कुत्र्यासारखा आवाज काढून मान टाकली. शिपायाने वायरी ओढून पाहिल्या. मुख्याध्यापकांनी माईकवर टिचक्या मारल्या. मागच्या रांगेतला एक बाप म्हणाला, "मोठ्याने बोला की बाई, आम्ही काय बहिरे नाही." पण ती मोठ्याने बोलणाऱ्यांतली नव्हतीच. तिचं सगळं कसब हळू बोलण्यात होतं. माईकजवळ तोंड नेऊन ती असं बोलायची की समोरच्या प्रत्येकाला वाटावं, ही बाई माझ्या एकट्याच्या कानात सांगतेय. माईक गेला की तिच्यात आणि गल्लीतल्या कुठल्याही शिकवणीवालीत काही फरक उरत नसे, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. सभा पुढच्या आठवड्यावर गेली. मुख्याध्यापक चारचारदा माफी मागत होते आणि ती चारचारदा 'अहो, चालायचंच' म्हणत होती. मनातून मात्र चडफडत होती.

जिना चढताना तिला नेहमीची ती काळजी आठवली. मुलीच्या शाळेतली शेवटची मोठी परीक्षा तोंडावर आली होती. स्वतःचे वर्ग चालवून शेकडो मुलांना अभ्यासाची सवय लावणाऱ्या बाईची मुलगी! मुलं तिला पाठीमागे 'सवयबाई' म्हणत, तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं. पण सवयबाईच्या मुलीने सहामाहीला माती खाल्ली होती. अगदी नापास नाही, काठावर. काठावर हा शब्द तिला पालकसभांतून इतका परिचयाचा होता, की तो स्वतःच्या घरात शिरल्यावर आधी ओळखूच आला नाही. नवरा दूरच्या कामावर, महिनोन् महिने बाहेर, फोनवर म्हणाला, "अगं, यातली तज्ज्ञ तू. मी काय सांगणार कपाळ?" त्याचं हे नेहमीचं. सगळ्या गोष्टींतली तज्ज्ञ तीच, म्हणजे निस्तरायचंही तिनेच.

कुलूप उघडून आत आली तर आतल्या खोलीतून मुलीचा आवाज येत होता. एका लयीतला, शिकवतानाचा आवाज. उलटा तास चालू होता. ऐकून तिला इतकं बरं वाटलं, की चपला काढल्या तरी ठेवायचं भान राहिलं नाही. त्या हातात धरून ती बोळातच उभी राहिली. उलटा तास ही तिची स्वतःची पद्धत. मुलाने धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि जे डोक्यात उरलं असेल ते दुसऱ्या कुणालातरी शिकवायचं. जिथे जीभ अडखळेल तिथे आपल्याला येत नाही असं समजायचं आणि तेवढंच पुन्हा वाचायचं. घोकंपट्टी नाही, छडी नाही, जागरणं नाहीत. ऐकणाऱ्याला विषय कळला पाहिजे असंही नाही; त्याने मधे तोंड घालायचं नाही, एवढीच अट. आणि या अटीला सासऱ्यांइतका चपखल बसणारा माणूस जगात शोधून सापडला नसता. ते झटका आल्यापासून खुर्चीत होते. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. "आमच्या घरी आयता श्रोता आहे," ती हॉलमधून सांगायची, "मधे बोलत नाही आणि कंटाळून उठूनही जात नाही." लोक हसायचे. तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. म्हातारा माणूस कुणाच्या उपयोगी पडतोय, नातीशी चार घटका जातात, अजून काय पाहिजे?

"तर आजोबा, आजचा धडा आई," आतून मुलगी म्हणाली. "सोपा वाटतो म्हणून मुलं सोडून देतात आणि मग फसतात. लक्षणे सांगा. पहिलं, ही घरात शिरताना हसत नाही, कारण सगळं हसू बाहेर वाटून झालेलं असतं. दुसरं, ही प्रश्न विचारते आणि उत्तर आपण द्यायच्या आत मान हलवते. तिसरं, ही रागावत नाही. खाली रेघ मारा, हे लक्षण महत्त्वाचं आहे. रागावली तर आपल्याला भांडता तरी येईल. ही समजून घेते. समजून घेतलं की संपलं, आपण काय बोलणार डोंबल! आता फरक स्पष्ट करा, आई आणि माईक." मग उलट्या तासात घ्यायचा तसा, अगदी आईने शिकवलेला विराम. "माईक कधी कधी बंद पडतो."

आणि ते हसले. नळाला पाणी यायच्या आधी हवा घरघरते तसा आधी नुसता आवाज आला, तिला वाटलं ठसका लागला, ती एक पाऊल पुढेही झाली. आणि मग ते खदखदा हसायला लागले, थांबेचनात, मुलगीही हसत सुटली, "अहो आजोबा, पुरे, लाळ, लाळ पुसू द्या," असं म्हणत पुन्हा हसली. बोळात हातात चपला धरून उभ्या असलेल्या सवयबाईने दार हळूच ओढून घेतलं, कुलूपसुद्धा पूर्वीसारखं लावलं, आणि ती जिना उतरून खाली गेली.

खाली इमारतीच्या आवारात सिमेंटचा एक बाक होता, त्यावर ती बसली. चपला अजून हातातच आहेत हे तिथे लक्षात आलं. मुलीचं बोलणं तिला लागलं नाही असं नाही, चांगलंच लागलं. पण ते बोलणं कुठे ठेवायचं हे तिला माहीत होतं. या वयात मुलं आईची टिंगल करतात, करायचीच असते, तीच पालकांना सांगते. जिव्हारी लागलं ते हसणं. त्या माणसाचं तिने काय नाही केलं? आंघोळीला माणूस लावला, घास मऊ करून भरवले, डॉक्टरांनी सांगितलेले ओठांचे व्यायाम मोठ्या कागदावर लिहून त्यांच्या समोरच्या भिंतीवर लावले. रोज सकाळी ती त्यांच्यापुढे स्टूल घेऊन बसायची. "बाबा, आ म्हणा. बाबा, ऊ म्हणा. अगदी थोडंसं. छान. प्रयत्न छान आहे." आणि ते तिच्याकडे न बघता कागदाकडे बघत राहायचे. मेलेल्या माणसासारखे. तिला वाटायचं, यांच्या आत आता कुणी नाही. आत कुणी नाही म्हणून तर ती त्यांच्यासमोर फोनवर नवऱ्याशी हवं ते बोलायची. आणि आता कळत होतं की माणूस आत शाबूत आहे, फक्त तिच्यासाठी घरी नाही. दारावर आलेल्या विक्रेत्याला आतून गप्प राहून फुटवतात ना, तसं ते तिला इतके दिवस फुटवत होते.

हा माणूस मुळात किती बोलायचा! बसच्या डेपोत गाड्यांच्या वेळा पुकारायची नोकरी केली जन्मभर. निवृत्त झाल्यावरही आवाज घरात घुमायचा. ती लग्न होऊन आली तेव्हा सकाळी न्हाणीघराबाहेर उभे राहून पुकारायचे, "सूनबाईंच्या चहाची गाडी आज नेहमीप्रमाणे उशिराने धावत आहे, प्रवाशांनी कृपया बोंब मारू नये." नवरा हसायचा, शेजारी हसायचे. ती कसनुसं हसायची आणि दुसऱ्या दिवशी चहा वेळेवर करायची. आणि मग त्यांचं तोंड उतरायचं. तेव्हा तिला वाटायचं, काय विचित्र माणूस आहे, वेळेवर केला तरी नाराज. आज बाकावर बसल्यावर तिला वाटलं, आपण उलट काहीतरी पुकारायला हवं होतं की काय. गाडी रद्द, पैसे परत मिळणार नाहीत, असं काहीतरी. पण तिला ते सुचलं नसतं. तिच्या माहेरी थट्टा नव्हती. माहेरी होता एकच शब्द, 'पुढे?' वडील आरशासमोर दाढी करायचे, पाठ दरवाज्याकडे. ती उंबऱ्यात उभी राहून धडा म्हणायची. अडली की आरशातून आवाज यायचा, "पुढे?" ओरडणं नाही, मारणं नाही. वस्तऱ्याचा आवाज थांबायचा आणि 'पुढे?' तिने जन्म काढला या एका शब्दाच्या धाकात. डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा होती, पेपर सोपा होता, तिला सगळं येत होतं. पहिला प्रश्न वाचला आणि मागून कुणीतरी म्हणालं, पुढे? बस्स. पाटी कोरी. वर्गात पंखा फिरत होता, पर्यवेक्षिका तिच्याकडे बघत होती, आणि तिला स्वतःचा क्रमांक लिहिण्यापलीकडे काही जमलं नाही. वडील त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. दाढी करत राहिले. तेव्हाच तिने ठरवलं की आपल्या पोरांना कधी कुणी 'पुढे?' म्हणणार नाही. त्यातूनच हा सगळा पसारा उभा राहिला, उलटा तास, सभा, माईक. रागवायचं नाही, समजून घ्यायचं. तिच्या लेखी हे तिचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं पुण्य होतं. लेकीच्या लेखी ते लक्षण क्रमांक तीन होतं, खाली रेघ मारलेलं.

नेहमीच्या वेळेला ती वर गेली. मुलीने दार उघडलं, "कशी झाली सभा?" तिने सांगितलं, "छान झाली." हे खोटं का सांगितलं ते तिचं तिलाच कळलं नाही. पण एक खोटं बोलून गेलं की दुसरं आपोआप जवळ येतं. दुसऱ्या दिवशी तिने शेवटचा वर्ग सहायक बाईंवर सोपवला आणि लवकर आली. कुलपात किल्ली अशी फिरवली की आवाज होऊ नये. बोळ, चपला, भिंत. मग तिला त्याची चटकच लागली. आपण चोरून ऐकतो असं ती स्वतःशी म्हणत नसे. आपण निरीक्षण करतो असं म्हणत असे. शब्द बदलला की माणसाला पाप पचतं.

आणि खरं सांगायचं तर तिथे ऐकण्यासारखं होतंच. मुलगी फक्त आईची टिंगल करत नव्हती. ती आधी मनातलं सगळं ओतायची, मैत्रिणी, बाकावर शेजारी बसणारीचा आगाऊपणा, कुणीतरी एक मुलगा ज्याचं नाव न घेता ती त्याला 'तो उंट' म्हणायची; आणि पोट रिकामं झालं की मग धडा शिकवायची. आणि सुरेख शिकवायची. हातवारे असावेत, खुर्चीभोवती फिरत असावी, पायांचा आवाज यायचा. अडली की थांबायची, म्हणायची, "हे नाही येत, आजोबा. थांबा हं, बघून येते." अगदी पद्धतीप्रमाणे. एका संध्याकाळी मात्र धडा झाल्यावर ती खुर्चीपाशी थांबली. आणि म्हणाली, "तुमच्यापुढे सगळं येतं हो. वर्गात पेपर हातात घेतला की पांढरं. तिथे आई दिसते. ओरडत नाही काही, नुसती समजून घेऊन उभी असते. मला वाटतं, आईच्या पद्धतीने सगळ्यांच्या पोरांना येतं, मला येत नाही, म्हणजे पद्धतीत खोट नाही, माझ्यातच आहे. नापास झाले तर तिच्या वर्गांची पाटी उतरवतील का हो लोक?" खुर्ची करकरली. म्हाताऱ्याचा डावा हात हलला असणार. मुलगी रडत होती.

दार उघडं होतं. चार पावलं टाकली असती तर ती आत पोचली असती. काय बोलली असती कुणास ठाऊक. कदाचित काहीच नाही, कदाचित पंख्याची, वर्गाची ती गोष्ट सांगितली असती, जी तिने नवऱ्यालासुद्धा धड सांगितली नव्हती. पण पाय उचलायच्या आत डोकं चालायला लागलं. हे कसं मांडावं? सुरुवात कुठून करावी? ऐकलं होतं हे सांगावं की न सांगावं? मुलीला ओशाळं न करता विषय कसा काढावा? बोलण्यावर पोट असलेल्या माणसाची हीच गोम असते, त्याला मांडणी सुचल्याशिवाय रडताही येत नाही. मांडणी सुचेपर्यंत आत नाक शिंकरल्याचा आवाज आला, मुलगी म्हणाली, "चला, भूमिती." आणि ती मागच्या मागे जिना उतरली.

जेवताना तिने पोळीचा तुकडा मोडत सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "परीक्षेत काही मुलांना एकदम कोरं वाटतं. अगदी सामान्य आहे ते. दीर्घ श्वास घ्यावा." मुलीने वर पाहिलं. "हो?" म्हणाली, आणि ताटातलं चिवडत बसली. म्हातारा खुर्चीतून सुनेकडे बघत होता. पहिल्यांदाच बघत होता, सरळ, डोळ्यांत डोळे घालून, आणि तिने त्यांच्या तोंडाला लागलेलं पुसायच्या निमित्ताने मान वळवली.

पुढच्या आठवड्यात तहकूब सभा भरली. नवा माईक आणला होता. हॉल भरलेला, पण पालक पेंगत होते. दिवसभर राबून आलेली माणसं, त्यांना काय सवयी आणि काय मेंदू. तिचं बोलणं पोचत नव्हतं, ते तिला तळव्यांत कळत होतं. मागे दोघं उठून गेले. एक बाई पिशवीत हात घालून काहीतरी शोधत होती आणि तो खसखस आवाज थांबत नव्हता. आणि मग बुडताना माणूस जे हाताला लागेल ते धरतो, तसं तिच्या तोंडून गेलं, "एक मुलगी आहे. नाव नाही सांगत. ती उलट्या तासाला आईचा धडा शिकवते." पिशवीचा आवाज थांबला. तिने सगळं सांगितलं. लक्षणे, हसू बाहेर वाटून झालेलं, खाली रेघ मारा, समजून घेतलं की संपलं. विराम घेऊन सांगितलं, माईक कधी कधी बंद पडतो. आणि गेल्या आठवड्याचा माईक सगळ्यांनी पाहिलेला, हॉल नुसता हसून कोसळला. बाया पदराने डोळे पुसत होत्या. मागचा तो मोठ्याने बोला म्हणणारा बाप मांडीवर थाप मारून हसत होता. आणि मग, हॉल असा मुठीत आल्यावर, तिने आवाज खाली आणला आणि त्या मुलीच्या रडण्याचंही सांगितलं. पेपर पांढरा होतो ते. पाटी उतरवतील का ते. खरं म्हणजे तिला स्वतःलाही भरून आलं होतं, ते नाटक नव्हतं. तिला वाटलं, आपण लेकीची माफी मागतोय. तीनशे लोकांपुढे मागितली, तिच्यापुढे तेवढी राहिली. मुख्याध्यापक हात हातात घेऊन म्हणाले, "बाई, आज तुम्ही काळजाला हात घातलात." कुणाच्या, ते त्यांनी विचारलं नाही.

हॉलमध्ये मुलीच्या वर्गातल्या कितीतरी जणींचे आईबाप होते. त्यांनी घरी जाऊन सांगितलं असणार, हौसेने, जेवताना. सोमवारी शाळेतून मुलगी आली तेव्हा ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मुलीने दप्तर खाली ठेवलं नाही.

"तू कधीपासून ऐकतेयस?"

"मी नाव घेतलं नव्हतं गं," ती म्हणाली.

"ते नाही विचारलं मी. वर्गात सगळे मला 'खाली रेघ मारा' म्हणतायत. तेही जाऊ दे. कधीपासून ऐकतेयस?"

"माईक बंद पडला त्या दिवसापासून." शेंग तिच्या हातातच राहिली. "तुझ्या भल्यासाठीच..."

"तुला वाईट वाटलं होतं का? मी रडले तेव्हा?"

"असं काय विचारतेस? वाटणारच ना."

"मग आत का नाही आलीस?"

"मी योग्य वेळ बघत होते."

मुलगी हसली. अगदी छोटंसं, सभ्य हसू. "हां. आणि ती तुला हॉलमध्ये मिळाली."

"तू रागव माझ्यावर," ती घाईघाईने म्हणाली, "भांड, काय वाटेल ते बोल, मला चालेल." ते बोलताना तिला ऐकू आलं की आपण पुन्हा परवानगी देतोय, पुन्हा समजून घेतोय, पण आता वाक्य तोंडाबाहेर पडलं होतं.

"नाही गं आई," मुलगी म्हणाली. "मी समजू शकते."

त्या दिवसापासून उलटा तास बंद झाला. मुलीने आदळआपट केली नाही, अबोला धरला नाही, विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला नीट उत्तर दिलं. फक्त तोंड मिटून अभ्यासाला बसायला लागली. संध्याकाळी म्हातारा डोळे दाराकडे लावून बसायचा, डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर वाजवायचा. मुलगी येऊन त्यांच्याजवळ बसायची, हात हातात घ्यायची, आणि एक शब्द बोलायची नाही. थोडा वेळ बसून उठायची. ती जाताना ते घशातून काहीतरी आवाज काढायचे. ते ऐकून सवयबाईला वाटायचं, धावत जाऊन कुणाच्यातरी पायावर डोकं ठेवावं. त्याऐवजी एक दिवस ती मुलीला म्हणाली, "हे बघ, दिवेलागणीच्या आत मी घरी येणारच नाही. शब्द देते. तुम्ही दोघं असाल, तिसरं कुणी नाही." मुलगी "बरं" म्हणाली. तिने शब्द पाळला. वर्ग संपले तरी ती घराकडे वळत नसे. बसथांब्यावर बसून राही, बसमागून बस सोडी. औषधांच्या दुकानात उगाच काहीबाही विचारत उभी राही. ओळखीचं कुणी भेटलं की 'इथे कशा?' या प्रश्नाला उत्तर शोधी. अंधार पडला की स्वतःच्या घराची घंटा वाजवून, जरा थांबून, मग आत जाई. पण व्हायचं ते होऊन चुकलं होतं. ऐकणारं माणूस घराबाहेर काढता येतं, कुणीतरी ऐकतंय ही भीती काढता येत नाही. शेजारीण म्हणालीच एकदा, "तुमची लेक किती शहाणी झाली हो, आवाजसुद्धा नाही घरात!"

पाळतीशिवायही तिला कळत होतं की मुलगी काय करतेय. टोपलीत कागदांचे बोळे पडत. एकच उत्तर, पुन्हा पुन्हा लिहिलेलं, स्वल्पविरामासकट पाठ केलेलं. घोकंपट्टी. जिच्याविरुद्ध ती हॉलमागून हॉल बोलत आली, ती अवदसा तिच्याच घरात मुक्कामाला आली होती, आणि मुलीच्या मधल्या बोटाला लेखणीचा घट्टा पडला होता. ती काही बोलली नाही. कोणत्या तोंडाने बोलणार? परीक्षा झाली. आणि निकाल लागला तेव्हा मुलगी शाळेत दुसरी आली. फोन वाजत राहिला. नवरा म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो, तू यातली तज्ज्ञ." मुख्याध्यापकांनी मुलीचा फोटो फळ्यावर लावला, खाली लिहिलं, 'उलट्या तासाचं यश'. पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी आत्ताच रांग लागली. कुणी मुलीला विचारलं तर ती सांगायची, "हो, आईचीच पद्धत," आणि इतक्या अदबीने सांगायची की शंका घ्यायला जागा नसे. सवयबाई शेजारी उभी राहून मान हलवायची. खरं सांगावं असं तिच्या पुष्कळदा जिभेवर आलं, पण खरं सांगायचं म्हणजे पुन्हा लेकीचीच गोष्ट लोकांपुढे मांडायची.

मुलीने पुढचं कॉलेज निवडलं ते दूरच्या शहरातलं, वसतिगृहाचं. विचारलं नाही, कळवलं. निघायच्या दिवशी खाली गाडी येऊन उभी होती. मुलीने आईला वाकून नमस्कार केला, "काळजी घे गं," म्हणाली, आणि आजोबांच्या खोलीत गेली. दार लोटलं नाही. मुद्दाम सताड उघडं ठेवलं. लेकीची बॅग हातात धरून सवयबाई बोळात उभी होती, त्याच भिंतीशी, आणि या वेळी तिला सगळं दिसत होतं. मुलगी खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली, म्हाताऱ्याच्या कानाला तोंड लावलं आणि बोलायला लागली. खूप वेळ बोलली. खालून गाडीवाल्याने भोंगा वाजवला, तरी बोलत राहिली. हातवारे नाहीत, विराम नाहीत. नुसते ओठ हलत होते. म्हाताऱ्याचे डोळे भरून वाहत होते आणि मधेच तो हसलाही, तेच, नळ घरघरल्यासारखं. पण शब्द? एक शब्द बोळापर्यंत आला नाही. मग मुलगी उठली, आजोबांची लाळ पुसली, आईच्या हातातून बॅग घेतली आणि जिना उतरून गेली.

गाडीचा आवाज गेल्यावर घर इतकं गप्प झालं की तिला ते सोसवेना. ती आत गेली. स्टूल ओढून नेहमीच्या जागी बसली. भिंतीवरचा व्यायामांचा कागद पंख्याने फडफडत होता. "बाबा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही, माईकचा नव्हता, घरचाही नव्हता. "बाबा, काय म्हणाली ती?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"माझ्याबद्दल काही म्हणाली का? येईल म्हणाली का परत? नुसती मान हलवा. हो की नाही, एवढंच." आणि मग, इतकी वर्षं ज्याला दाराबाहेर ठेवलं होतं तो शब्द तिच्या तोंडून निसटला. "पुढे? बाबा, पुढे काय म्हणाली?"

झटका आल्यापासून म्हाताऱ्याचा उजवा ओठ लोंबत असे, तोंड कधी पुरतं मिटत नसे. त्यांनी डावा हात सावकाश वर नेला, बोटांनी तो ओठ उचलून वरच्या ओठाला लावला, आणि तोंडावर हात धरून, तिच्याकडे बघत, ते बसून राहिले.